पोटातली पिशवी आणि भिंत चाटणारा कुत्रा

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून भाविक येतात, भोग चढतो, पंगती उठतात. यात्रा पांगली की मागे उरते ते उष्टे: पत्रावळी, द्रोण, करवंट्या, रश्शाने माखलेल्या पिशव्या. कुठल्याही मोठ्या यात्रेनंतर कुत्री या ढिगाऱ्यावर येतात. त्यांतला एखादा कुत्रा जरा थांबून पाहावा. तो पिशवी पुढच्या पंजाखाली दाबतो, गाठ दातांनी ओढतो, बाहेरून चाटतो. गाठ सुटली नाही आणि तेवढ्यात दुसरा कुत्रा जवळ आला, तर तो पिशवीसकट सगळे गिळून टाकतो.

इतके तिखट नाक असलेल्या प्राण्याला प्लॅस्टिक आणि पोळी यांतला फरक कळत नाही का? रस्त्यावरच्या कुत्र्याचे निदान समजू शकते, तो भुकेला असतो. पण घरात दोन्ही वेळ पोटभर खाणारा कुत्रा मोजा का गिळतो? आणि आजवर शहाण्यासारखा वागणारा कुत्रा एकदम फरशी आणि भिंती चाटू लागतो, तेव्हा त्याला काय झालेले असते?

हे तिन्ही प्रश्न जठरापाशी येऊन मिळतात. विशिष्ट वागण्यामुळे नको ती वस्तू पोटात जाते आणि पोटात अडकलेल्या वस्तूमुळे वागणे बदलते. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या नाहीत, तर उपचार अर्धाच होतो.

वास आला की खायचे

कुत्रा खाण्याची वस्तू मुख्यतः वासावरून ठरवतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. अन्नाची निवड ही कुत्री कशी करतात, हे त्यांनी प्रयोगांतून पाहिले. 2016 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष साधा होता: मांसाचा वास आला की खायचे. त्या तुकड्यात पोषण किती आहे, यापेक्षा वास किती येतो यावर निवड ठरत होती.

उकिरड्यावर जगणाऱ्या प्राण्यासाठी ही रीत शहाणपणाची आहे. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यात ज्या वस्तूला अन्नाचा वास येई, ती बहुधा खाण्याजोगीच असे. हाड असो, आतडे असो की शिळी भाकर, पोटात गेल्यावर त्याचे काही ना काही होत असे. अन्नाचा वास येणारी पण कधीच न पचणारी वस्तू, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, कुत्र्याच्या वाट्याला आली ती अगदी अलीकडे. नाकाने दिलेली बातमी खरी असते, पिशवीत भाजी असतेच. पण पिशवी बाजूला काढायला त्याला हात नसतात.

त्यात दातांची रचना. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, पण त्याच्या जबड्याला आपल्यासारखी आडवी हालचाल फारशी जमत नाही. त्याच्या मोठ्या दाढा मांस कापतात, दळत नाहीत. त्यामुळे घास बारीक चावण्याची त्याला सवय नसते. घशातून उतरेल एवढा तुकडा झाला की तो गिळतो. शेजारी दुसरा कुत्रा असेल तर आणखी घाईने गिळतो. आंब्याची कोय, दाणे खाल्लेले मक्याचे कणीस, हाडाचा मोठा तुकडा, मुलांचा रबरी चेंडू या वस्तू अशाच पोटात जातात.

जठरात नेमके काय होते

कुत्र्याच्या जठराचे वरचे अंग रुंद आणि ताणले जाणारे असते, तिथे अन्न साठते. खालचे अंग अरुंद आणि जाड स्नायूंचे असते, तिथे अन्न आम्लात घुसळले जाते. त्यापुढे लहान आतड्यात उघडणारे एक छोटे दार असते, त्याला पायलोरस म्हणतात. हे दार फार निवडक आहे. जेवणानंतर साधारण 2 मिलिमीटरपेक्षा बारीक झालेले कणच ते पुढे जाऊ देते. मोठा तुकडा आला की तो परत मागे ढकलला जातो आणि पुन्हा घुसळला जातो.

मग गिळलेले हाडाचे तुकडे कधी पुढे जातात? त्यासाठी शरीरात वेगळी सोय आहे. जठर रिकामे झाले की साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत सरकत जाते. या वेळी पायलोरस जास्त उघडतो आणि न पचलेले उरलेसुरले तुकडे पुढे ढकलले जातात. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ शुर्झेव्स्की यांनी 1969 साली या लाटेचे वर्णन केले, तेही कुत्र्यांच्याच आतड्यावर अभ्यास करून. म्हणूनच लहानसहान वस्तू गिळलेल्या पुष्कळ कुत्र्यांच्या शौचातून दोन-तीन दिवसांत ती वस्तू बाहेर पडते. पण दिवसभर थोडे थोडे चरत राहणाऱ्या कुत्र्याचे जठर क्वचितच रिकामे होते, त्यामुळे ही लाटही कमी वेळा येते.

पायलोरसपेक्षा मोठी वस्तू मात्र जठरातच राहते. आम्लाने हाड मऊ पडते, पण प्लॅस्टिक, रबर, नायलॉन आणि कापडाचे काही होत नाही. पाळणाऱ्याला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट इथे घडते. वस्तू वरच्या रुंद भागात असते, तोवर कुत्रा जेवतो, खेळतो, शेपटी हलवतो. तीच वस्तू सरकून पायलोरसवर बसली की वाट बंद होते आणि तो उलटी करतो. उलटीच्या जोराने वस्तू पुन्हा मागे गेली की तो बरा दिसू लागतो. मंगळवारी उलट्या, बुधवारी ठीक, शुक्रवारी पुन्हा उलट्या, असे आठवडेच्या आठवडे चालू शकते. घरच्यांना वाटते, काहीतरी बाधले असेल.

दार पक्के बंद झाले तर प्रकृती झपाट्याने ढासळते. सततच्या उलट्यांतून पाण्याबरोबर जठरातले आम्ल, क्लोराइड आणि पोटॅशियम निघून जाते. रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो. पोटॅशियम घटल्याने स्नायू ढिले पडतात आणि आतड्याची हालचालही मंदावते. म्हणून अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याआधी सलाईन देऊन हा तोल सावरावा लागतो.

लांब आणि चिवट वस्तूंचा धोका याहून मोठा. दोरी, साडीच्या काठाची चिंधी, नायलॉनचा मोजा, पतंगाचा मांजा यांचे एक टोक पायलोरसपाशी अडकते आणि दुसरे टोक आतड्यात उतरते. आतडे ते टोक पुढे ओढत राहते, पण दोरी सुटत नाही. मग परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याला जशा चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. ताणलेली दोरी त्या चुण्यांच्या आतल्या कडेवर घासत राहते आणि शेवटी आतडे कापले जाऊन त्यातली घाण पोटाच्या पोकळीत उतरते. त्यामुळे कुत्र्याच्या गुदद्वारातून किंवा तोंडातून दोरीचे टोक दिसले, तर ते कधीही ओढू नये.

वागणूक आधी, पोट नंतर

पहिली बाजू पाहू: कोणत्या वागण्यामुळे वस्तू पोटात जाते?

पिल्लांचे कारण सोपे असते. तीन महिन्यांपासून साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. शिवाय पिल्लू जगाची ओळख तोंडानेच करून घेते. या वयात चप्पल चावणे हा स्वभावदोष नव्हे.

काही कुत्र्यांत भूकच वेगळी असते. लॅब्राडॉर किती खादाड असतो, हे तो पाळणाऱ्यांना सांगायला नको. केंब्रिज विद्यापीठाच्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाने 2016 साली दाखवले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पॉम्क या जनुकाचा छोटा तुकडा गळलेला असतो. 2024 मधल्या पुढच्या अभ्यासात दिसले, की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जास्त भूक लागते आणि विश्रांतीत त्यांचे शरीर सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा खर्च करते. अशा कुत्र्यासमोर कचऱ्याचा डबा उघडा ठेवून त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कंटाळा हे तिसरे कारण. दिवसभर साखळीला बांधलेला किंवा फ्लॅटमध्ये एकटा कोंडलेला कुत्रा स्वतःचा उद्योग शोधतो. काहींना घरचे माणूस बाहेर गेल्यावर खरीखुरी भीती वाटते, आणि ते त्याच माणसाचे मोजे, टॉवेल, अंतर्वस्त्रे चघळतात, कारण त्यांना त्याचा वास असतो.

चौथे कारण आपणच निर्माण करतो, आणि ते फार महत्त्वाचे आहे. घरच्या मोत्या कुत्र्याने मोजा उचलला की घरभर आरडाओरडा होतो. सगळे त्याच्या मागे धावतात, त्याला पकडून जबडा उघडतात आणि मोजा हिसकावतात. यातून मोत्या दोन गोष्टी शिकतो. एक, मोजा उचलला की सगळे घर माझ्याकडे बघते. दोन, वस्तू वाचवायची असेल तर माणूस पोहोचण्याआधी ती गिळून टाकावी. नुसते चघळून सोडणारा कुत्रा असा गिळणारा होतो.

पाचवे कारण शरीरातले. अखाद्य वस्तू पुन्हा पुन्हा खाण्याच्या या सवयीला पायका म्हणतात. हुकवर्मसारखे जंत किंवा गोचिडांमुळे झालेला रक्तक्षय, स्वादुपिंडातून पाचक रस न येणे, यकृताचे काही विकार यांत कुत्रा माती, भिंतीचे पोपडे, कापड खाऊ लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर भूक बेसुमार वाढते. अशा कुत्र्याला ओरडून काही साधत नाही, त्याचे रक्त आणि शौच तपासावे लागते.

पोट आधी, वागणूक नंतर

आता दुसरी बाजू, जी सहसा नजरेतून निसटते. कुत्र्याला ‘मळमळते आहे’ असे सांगता येत नाही. मळमळीने त्याच्या तोंडाला लाळ सुटते आणि तो ओठ चाटतो, वारंवार गिळल्यासारखे करतो. मग तो फरशी चाटतो, सतरंजी चाटतो, गवत ओरबाडून खातो. पोटात कळ आली तर पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग उंच ठेवतो. घरच्यांना वाटते आळोखेपिळोखे देतो आहे. कोणी पोटाखाली हात घालून उचलायला गेले तर गुरगुरतो. घरच्यांना वाटते चिडका झाला.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठात या वागण्याचा नीट अभ्यास झाला आणि तो 2012 साली प्रसिद्ध झाला. जमीन, भिंती, गाद्या अती चाटणाऱ्या 19 कुत्र्यांची पचनसंस्था तपासली गेली. त्यांतल्या 14 कुत्र्यांत पोटाचा किंवा आतड्याचा विकार सापडला. कोणाला आतड्याचा दाह, कोणाचे जठर उशिरा रिकामे होणारे, कोणाला जुना स्वादुपिंडदाह. या यादीत जठरात अडकलेली वस्तूही होती. पोटावर उपचार केल्यावर 17 पैकी 10 कुत्र्यांचे चाटणे लक्षणीय कमी झाले, त्यांतल्या 9 कुत्र्यांचे तर पूर्ण थांबले. तोवर अशा चाटण्याकडे मनाचा विकार म्हणूनच जास्त पाहिले जाई.

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी 2020 साली याच दिशेने आणखी व्यापक मांडणी केली. वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी किमान एक तृतीयांशांना कुठले ना कुठले दुखणे असते, असा त्यांचा अंदाज आहे. काही ठिकाणी हे प्रमाण 80 टक्क्यांच्या जवळ जाते.

दोन्ही बाजू जुळल्या की एक चक्र तयार होते. पोटात वस्तू असते, म्हणून मळमळते. मळमळते म्हणून कुत्रा गवत, कापड, सतरंजीचे धागे खातो. ते जठरातल्या वस्तूला गुंडाळत जातात आणि गोळा वाढत जातो.

बंजारा समाजाशी जोडलेली एक लोककथा मध्य भारतात सांगितली जाते. अडचणीत सापडलेला बंजारा आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराकडे चोरी होते, कुत्रा चोरीचा माल शोधून देतो. खूश झालेला सावकार कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला मोकळे करतो. कुत्रा धावत मालकाकडे येतो. मालकाला वाटते हा पळून आला, आणि रागाच्या भरात तो त्याला मारतो. चिठ्ठी त्याला नंतर दिसते. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यातले कुकुरदेव मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. तांड्याच्या आणि कुत्र्याच्या जुन्या सोबतीतून आलेली ही कथा आजही उपयोगाची आहे: कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याआधी त्याच्याकडे नीट बघा.

एक शक्यता कधीही विसरू नये

आपल्याकडे हा विषय रेबीजशिवाय पूर्ण होत नाही. रेबीज झालेला कुत्राही काड्या, दगड, माती, चिंध्या खातो. त्याचे वागणे अचानक बदलते, आवाज बदलतो, लाळ गळते, गिळता येत नाही. मेलेल्या कुत्र्याच्या शवविच्छेदनात जठरात अशा वस्तू सापडल्या, तर पशुवैद्यकाला रेबीजची शंका घ्यावीच लागते.

यातला धोका असा, की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या घशात हाड अडकले असेल असे समजून माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. लसीकरण न झालेल्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या बाबतीत हे कधीही करू नये. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागल्यास जागा साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज बरा होत नाही.

शोध आणि सुटका

डॉक्टर आधी पोट चाचपून पाहतात, मग एक्स-रे काढतात. धातू, दगड, हाड एक्स-रेत स्पष्ट दिसते. प्लॅस्टिक आणि कापड बहुधा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ आला’ याचा अर्थ पोट रिकामे आहे असा होत नाही. अशा वेळी सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांत दिसणारे औषध पाजून काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो.

वस्तू नुकतीच, म्हणजे साधारण दोन तासांच्या आत गिळली असेल आणि ती टोकदार नसेल, तर डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते, आणि टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडू शकते. पुढचा मार्ग दुर्बिणीचा: भूल देऊन तोंडातून नळी जठरापर्यंत उतरवतात आणि चिमट्याने वस्तू पकडून वर आणतात. यात टाके पडत नाहीत.

ते शक्य नसेल तर जठर उघडावे लागते. जठराच्या दोन बाकांच्या मध्ये, जिथे रक्तवाहिन्या कमी असतात, तिथे छेद घेतात, वस्तू काढतात आणि जठर दोन थरांत शिवतात. चांगला शल्यचिकित्सक तेवढ्यावर थांबत नाही. तो सगळे आतडे बोटांतून सरकवत शेवटपर्यंत तपासतो, कारण एक वस्तू गिळणाऱ्याने दुसरीही गिळलेली असू शकते. जठराला रक्तपुरवठा भरपूर असल्याने ते लवकर भरून येते.

वाशीम भागातल्या लोकांना अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा आधार आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा शासनाचा टोल फ्री क्रमांकही आहे.

चौकट: थांबू नका, डॉक्टर गाठा

- दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा प्यायलेले पाणीही पोटात न टिकणे
- काही दिवस येऊन-जाऊन होणाऱ्या उलट्या, घटणारे वजन
- छाती खाली, मागचा भाग वर अशी ठेवण पुन्हा पुन्हा
- फरशी, भिंती, कापड चाटण्याची नव्याने लागलेली सवय
- तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारी दोरी (ओढू नका)
- बॅटरी, सुई, गळ, चुंबक किंवा औषधाची पट्टी गिळल्याची शंका: लक्षणांची वाट पाहू नका

पुन्हा तेच होऊ नये म्हणून

सार्वजनिक पातळीवरचा उपाय पिशवीपासून सुरू होतो. महाराष्ट्रात 2018 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद आहेत. तरी कचऱ्यात त्या दिसतात. भंडारा असो की लग्न, उष्टे अन्न पिशवीत भरून गाठ मारून फेकू नये. ते वेगळ्या झाकणाच्या पिंपात जमा करावे आणि पानाच्या पत्रावळी-द्रोण वापरावेत. त्याच पिशव्या गाईच्याही पोटात जातात आणि तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात वर्षानुवर्षे साठतात.

घरात मात्र खरे काम वागणुकीवर करायचे असते. शस्त्रक्रियेने मोजा निघतो, मोजा गिळण्याचे कारण निघत नाही. म्हणून कुत्र्याला ‘सोड’ हा शब्द अदलाबदलीने शिकवावा. त्याच्या तोंडात वस्तू दिसली की ओरडायचे नाही, मागे धावायचे नाही. नाकाजवळ त्याहून आवडीचा खाऊ धरायचा. वस्तू सुटली की खाऊ द्यायचा, आणि धोका नसेल तर वस्तूही परत द्यायची. माणूस जवळ आला की आपले काही जात नाही, उलट मिळतेच, हे पटलेला कुत्रा घाईने गिळत नाही. त्याला रोज पुरेसे फिरवावे, अन्न वाटीत ओतण्याऐवजी कधी हुंगून शोधायला लावावे, आणि चघळायला तोंडात मावणार नाही एवढी मोठी, तुकडे न पडणारी वस्तू द्यावी. फिरताना कचरा उचलण्याची सवय सुटत नसेल, तर श्वास आणि पाणी घेता येईल असे जाळीदार मुसके घालण्यात कमीपणा नाही. मोजे कपाटात आणि कचऱ्याचा डबा झाकणाखाली ठेवण्याची शिस्त मात्र माणसांची आहे.

डॉक्टरांकडे जाताना दोन याद्या न्याव्यात. एकीत पोटाच्या खुणा: उलटी केव्हा झाली, जेवणानंतर किती वेळाने, त्यात काय होते, शौच कसे आहे. दुसरीत वागण्याच्या: काय चाटतो, कधी चाटतो, कोण घरात असताना, जेवणाआधी की नंतर, घरातली कुठली वस्तू सापडत नाही. मोबाइलवर त्या वागण्याचे चित्रीकरण असेल तर उत्तम, कारण दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा घाबरून वेगळाच वागतो. पोटाचे डॉक्टर आणि वर्तनाचे डॉक्टर हे आपल्याकडे बहुधा एकच पशुवैद्यक असतात. त्यांच्यासमोर दोन्ही याद्या एकाच वेळी ठेवणे, हे काम कुत्र्याला ओळखणाऱ्या घरच्या माणसालाच करता येते.